आमच्या डोक्यावरची पडीक हवा

सर भातावर आमटी कधीच घेत नसत. डब्यातला भात आधी कोरडाच संपवायचे, मग आमटी वाटीने प्यायचे, मग भाजी, आणि शेवटी नुसती पोळी, चावून चावून. जेवणाच्या सुट्टीत स्टाफरूमचं दार उघडं असायचं, त्यामुळे हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. एकदा कोणीतरी विचारलंच. सर म्हणाले, "एकत्र केलं की कशाची काय चव होती ते कळत नाही."

या माणसाने उमेदीची सगळी वर्षं मोबाइल कंपनीत रेडिओचे वेगवेगळे पट्टे, म्हणजे बँड, एकमेकांना जोडण्यात घालवली होती. आणि तोच माणूस जेवताना काहीच जोडत नाही, यावर आमच्या वर्गात पुष्कळ विनोद झाले. मीही हसले होते. आता हसू येत नाही.

हे लिहावं की नाही, ते मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिकवणाऱ्याबद्दल वाईट बोलायचं नाही, एवढं आई-दादांनी शिकवलंय. आणि सर वाईट होते, असं मला म्हणायचंही नाही. काय म्हणायचंय ते लिहिता लिहिता सापडेल, असं वाटतं.

सर कंपनी सोडून, खरं तर कंपनीने त्यांना सोडल्यावर, कर्जतच्या आमच्या कॉलेजात तासापुरते शिकवायला यायचे. शिळफाट्याला एका खोलीत एकटे राहायचे. जुन्या स्कूटरवर येताना वाटेतल्या प्रत्येक मोबाइल टॉवरपाशी वेग कमी करायचे आणि मान वर करून बघायचे. मागे कोणी बसलेलं असलं तर त्याला सांगायचे, "हा जेवलेला." पुढच्या टॉवरला, "हा उपाशी." महामार्गाकडेचे, रिसॉर्टजवळचे टॉवर बहुतेक जेवलेले असायचे. डोंगराकडे वळलं की उपाशी सुरू.

वर्गात त्यांना उत्तर देणं म्हणजे शिक्षाच होती.

"सर, दोन बँड जोडले की वेग वाढतो."

"कोणाचा?"

"ग्राहकाचा, सर."

"कोणत्या ग्राहकाचा? आणि कोणाच्या पैशाने?"

हा दुसरा प्रश्न ते कशालाही विचारायचे. मी पुस्तकातलं वाक्य पाठ करून यायचे, त्यात पैशाचा उल्लेखच नसायचा. मग तेच सांगायचे. एक बँड लांब पोचतो, भिंतीतून आत शिरतो, टेकडीआडही थोडाफार जातो, पण तो बारीक असतो, त्यातून फार काही वाहत नाही. दुसरा रुंद असतो, भरपूर वाहून नेतो, पण लवकर दमतो. एकाच फोनला दोन्ही एकाच वेळी दिले की फोन पळतो. "हे झालं शास्त्र," सर म्हणायचे. "आता खरा विषय. टॉवरवर दुसरी पेटी चढवायची, तिला वीज द्यायची, जोडण्याचा परवाना घ्यायचा, मागे जाडी तार टाकायची. एवढं करून त्या टॉवरखालची माणसं ते पैसे परत देणार आहेत का? देणार असतील तर जोडा. नसतील तर बारीक बँड आहेच की. कव्हरेजच्या नकाशात गावावर रंग भरलेला दिसतो."

एकदा त्यांनी खालापूरचा एक्स्प्रेसवे सांगितला होता. रस्ता शेतांमधून जातो, कडेच्या गावातल्या माणसाला दिवसभर गाड्यांचा आवाज येतो, पण चढायचं तर आधी उलटं टोलनाक्याकडे जावं लागतं. "गावातून गेला म्हणून तो गावाचा होत नाही," ते म्हणाले. आणि मग, "सरकारी लिलावात कंपनीने हवा, म्हणजे हे बँड, घेतली ती अख्ख्या राज्याची. तुमच्या गावावरची रुंद हवासुद्धा विकत घेऊन झालेली आहे. पैसे दिलेले आहेत. ती नुसती पडून आहे, एवढंच."

हे मात्र मला पटकन कळलं. आमच्याकडच्या जमिनी तशाच गेल्या आहेत. कोणीतरी घेतल्या, कंपाउंड घातलं, आत गवत कमरेएवढं वाढलंय. गुरं बाहेरून बघतात.

"सर, नेटवर्क नाही" असं कोणी म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "नाही असं नसतं. दिलं नाही, असं म्हणा."

त्या दिवशी मी हात वर केला. मी सहसा करत नाही. म्हटलं, सर, आमचं गाव माथेरानच्या पायथ्याशी आहे, टॉवर आमच्या चुलीपुढे बसूनही दिसतो, पण घरात व्हिडिओ चालत नाही. माझी बहीण बारावीला आहे. सरांनी गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी छताकडे बघितलं आणि टॉवरचा क्रमांक म्हणून दाखवला. मग म्हणाले, "ओळखतो. उपाशी. त्याला एकाच बँडवर मी ठेवला होता."

वर्ग हसला. मला काय वाटलं ते तेव्हाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं आम्ही त्या टॉवरला दोष देत होतो, डोंगराला देत होतो, आई तर आमच्या फोनलाच देत होती. आणि ज्याने ठरवलं तो माणूस डस्टर हातात घेऊन समोर उभा होता.

घरची परिस्थिती सांगायला हवी. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते वर माथेरानला एका हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला आहेत. तिथे पाहुण्यांसाठी नेट जोरात चालतं. पल्लवीला, माझ्या बहिणीला, नर्सिंगला जायचं होतं. त्याच्या प्रवेश परीक्षेचे क्लास कर्जतला लावणं झेपत नव्हतं, म्हणून ती फुकट मिळणारे व्हिडिओ बघून अभ्यास करायची. म्हणजे करू बघायची. घरात ते गोल चक्र फिरत राहायचं. मग दादा वरून ते व्हिडिओ फोनमध्ये उतरवून घ्यायचे आणि सुट्टीला खाली येताना घेऊन यायचे. दादांना इंग्रजी वाचता येत नाही. शिकवणाऱ्याचं तोंड तेच दिसलं की ते उतरवून घ्यायचे. एकदा त्यांनी त्या मास्तरांच्या घराच्या वास्तुशांतीचा व्हिडिओ आणला होता. पल्लवी हसून हसून लोळली, आणि मग आधीचाच जुना व्हिडिओ पुन्हा लावून बसली.

तासानंतर सरांनी मला थांबवलं. "नियम माझाच आहे," म्हणाले. "टॉवरच्या ज्या तोंडावर गर्दी ठरावीक मर्यादेच्या वर काही आठवडे टिकते, त्याला दुसरा बँड. बाकीच्यांना नाही."

मी चाचरत म्हटलं, "पण सर, चालत नाही म्हणून आम्ही वापरत नाही. आणि वापरत नाही म्हणून..."

"म्हणून मिळत नाही. बरोबर. हे मला तेव्हाही दिसलं होतं."

"मग दुरुस्त का नाही केलंत?"

"चूक नव्हती ती. त्यातूनच कंपनीचे पैसे वाचत होते." मग ते हसले. त्यांचं हसणं नाकातून यायचं. "पुढे माझा नियम त्यांनी मशीनमध्ये घातला. नियम ठेवला, मला काढलं."

आणि मग त्यांनी तोडगा सांगितला. नियम मशीन चालवतंय, तर मशीनला गर्दी दाखवा. सगळ्या गावाने काही आठवडे व्हिडिओ बंदच करायचे नाहीत. अडकले तरी चालू ठेवायचे. मशीनला वाटेल, इथे फार मागणी आहे. "मला तो टॉवर एकदा जेवलेला बघायचाय," सर म्हणाले. हे बोलताना त्यांचा चेहरा परीक्षेत कॉपी जमलेल्या मुलासारखा झाला होता.

मी म्हटलं, "सर, तुम्ही गावात येऊन सांगाल का? माझं कोण ऐकणार?"

"मी गावात जात नाही. कंपनीतही कधी गेलो नाही. गावात गेलं की दया येते. दया आली की आकडे चुकतात."

तेव्हा मला हे वाक्य फार मोठं वाटलं होतं. मी ते मनात घोळवत घरी गेले.

गावात माझं ऐकलं ते तात्यांनी. तात्या आमच्याकडचा हरिनाम सप्ताह बघतात. सप्ताहात वीणा एकदा उभी राहिली की अखंड उभीच ठेवायची असते, म्हणून घरोघरी पहारे वाटून देतात. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने गळ्यात वीणा घ्यायची. मी व्हिडिओ बंद होऊ द्यायचा नाही म्हटल्यावर तात्यांचे डोळे चमकले. "म्हंजे पहाराच की गं पोरी! आमाला काय नवीन हाय त्यात?"

आणि खरंच, गावाने ते सप्ताहासारखं केलं. घरागणिक पहारे लागले. सप्ताहाचाच लाइटचा बोर्ड, लांब वायर, पंखा, सतरंजी बाहेर निघाली. दुपारी बाया, संध्याकाळी बाप्ये. कोणी बैलांच्या शर्यती लावायचं, कोणी कीर्तन, कोणी कुस्ती. एका म्हातारीला समुद्रातले मासे बघायचा नादच लागला. चित्र अडकलं की ती फोनला म्हणायची, "हाल रं मेल्या." रोजचा डेटा संपला की पुढच्याचा फोन. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बघायचे, फोनांची रांग, समोर माणसं, मध्ये चहाचं पातेलं. मला वाटायचं, माझ्या शिक्षणाचा गावाला पहिल्यांदा काहीतरी उपयोग होतोय. सरांना मी सगळं सांगायचे. ते फक्त विचारायचे, "खंड पडला नाही ना?" नाही पडला. वीणा खाली ठेवणारं गाव नाही आमचं.

भातकापणीच्या सुमाराला कंपनीच्या ठेकेदाराची पिकअप आली. एक माणूस पट्टा बांधून टॉवरवर चढला, खालून दोरीने पेटी वर गेली. तात्यांनी टॉवरच्या कुंपणाला नारळ फोडला. खोबरं त्या चढणाऱ्या माणसालाही दिलं. त्याला काही कळलं नाही, पण त्याने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पल्लवीने घरात व्हिडिओ लावला. चक्र फिरत राहिलं.

आई म्हणाली, "नवीन हाय, जरा दम धरा. नवी म्हैस तरी पहिल्या दिशी दूध देती का?"

आठवडा गेला. चक्र फिरतच होतं. आणि मग तात्या आमच्या अंगणात ओरडत आले, "देवळात पळतंय गं! नुसतं पळतंय! शंकराची कृपा म्हन!"

माझ्या तिथेच लक्षात आलं. टॉवरला तोंडं असतात. आमच्या टॉवरला तीन आहेत. प्रत्येक तोंड एकेका दिशेला बघतं आणि गर्दी प्रत्येकाची वेगळी मोजली जाते. हे सरांनीच शिकवलं होतं आणि मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. आमची घरं टॉवरच्या डोंगराकडच्या बाजूला. शंकराचं देऊळ दुसऱ्या बाजूला, नदीकाठी. आणि देवळापलीकडे, नदी ओलांडली की, मुंबईच्या लोकांचे बंगले, तरण तलाववाले. पहारा देवळातच होतो, म्हणून सगळं गाव देवळात जाऊन बसलं होतं. मशीनने नीट मोजलं. गर्दी नदीकडच्या तोंडावर होती. पेटी नदीकडे तोंड करून बसली.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "अशक्य." आणि त्या रविवारी, आयुष्यात पहिल्यांदा, ते आपल्या एखाद्या टॉवरच्या गावात आले.

स्कूटर लावली. वर बघितलं. मग देवळाच्या कळसाकडे बघितलं, मग नदीपलीकडच्या लाल कौलांकडे. त्यांना एक क्षणही लागला नाही. नकाशावर आमचं गाव म्हणजे एक ठिपका होता. ठिपक्याला देऊळ नसतं.

"तुम्ही सगळे तिथे बसला होतात?" त्यांनी तात्यांना विचारलं.

"मग? पहारा काय घरी बसून व्हतो व्हय? आन लाइटचा बोर्ड तिथं, पंखा तिथं. कुठं बसायचं ते तुमी सांगितलं व्हतं का, सर?"

"नाही."

"मग झालं तर."

तात्यांना राग नव्हता, हेच वाईट होतं. त्यांनी शाल आणि नारळ आणला होता. सर नको नको म्हणत होते, पण तात्यांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातलीच. "आमचं काम झालंय, सर. देवळात नेट आलंय. औंदा सप्ताहाचं कीर्तन आमी मुंबईच्या पोरांना लाइव्ह दावणार." बाप्ये टाळ्या वाजवत होते. सर शाल पांघरून आमच्या घरांकडे बघत उभे होते. आईने भात आणि आमटी वाढते म्हटलं, तर म्हणाले, "नको. कोरा चहा चालेल."

निघताना मला म्हणाले, "घरात बसून पुन्हा एकदा करा. तेवढेच आठवडे." मी दारोदार फिरले. कापणीची धांदल होती. आणि लोकांना कळेना, आता कशाला? देवळात येतंय ना? या की देवळात.

सरांनी कंपनीतल्या जुन्या लोकांना मेल केली. उत्तर एका ओळीचं आलं, ते त्यांनी मला फोनवर दाखवलं. सदर विनंती विस्ताराच्या निकषात बसत नाही. सर म्हणाले, "वाक्य माझंच आहे. मसुदा मी केला होता." आणि ते पुन्हा नाकातून हसले. मला त्या वेळी त्यांचा राग आला. अजून येतो. स्वतःच्या वाक्याचं कौतुक वाटल्यासारखे ते हसले होते.

देवळाचा ओटा आता संध्याकाळी बाप्यांनी भरलेला असतो, मान खाली, फोन हातात. पल्लवी वही घेऊन कोपऱ्यात बसायची. कोणी ना कोणी मान वर करून तिच्याकडे बघायचं. आणि महिन्यातले ते चार दिवस तिला देवळाची पायरीही चढता येत नव्हती. ते दिवस ती नदी ओलांडून बंगल्यांच्या कंपाउंडला टेकून बसायची, कारण ते तोंड तिकडेही बघतं. तिथला वॉचमन तात्यांचा पुतण्याच. त्याला वाईट वाटायचं, पण तो म्हणायचा, "उठ गं पल्ले, साहेबांचा फोन आलाय मुंबईवरनं. कॅमेऱ्यात दिसतीयस."

तो कॅमेरा आमच्याच बँडवर चालत होता. जो गावाने पहारे देऊन आणला होता.

नर्सिंगला तिचा नंबर लागला नाही. व्हिडिओमुळेच लागला नाही असं मी म्हणणार नाही, मला ते सिद्ध करता येणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसते म्हणाली होती. मग बंगल्यांवर कोणीतरी हवं होतं, पाहुणे आले की चाव्या द्यायला, चादरी बदलायला, आणि ती जाऊ लागली.

मी हे सरांना सांगितलं. स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. त्यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. निदान एकदा. त्यांनी विचारलं, "फोन कोणता आहे तिच्याकडे?"

"बंगलेवाल्यांनीच दिलाय, सर. कामासाठी. नवीन आहे."

"मग जोडत असेल दोन्ही," सर म्हणाले, आणि कोरडा भात संपवायला लागले.

त्या वर्षानंतर ते कॉलेजात आले नाहीत. शिळफाट्याची खोली सोडली, असं ऐकलं. कुठे गेले, मी विचारलं नाही.

जोडतो तिचा फोन. मी आता गावात राहत नाही; पल्लवी मला बंगल्याच्या गच्चीवरून व्हिडिओ कॉल करते आणि चित्र एकदाही तुटत नाही. परवा तिने फोन फिरवून नदीपलीकडे धरला. टॉवर दिसला, आणि त्याच्या मागे आमचं घर. अंगणात आई वाल वाळत घालत होती. मी म्हटलं, जरा जवळ घे. तिने चित्र मोठं केलं. आईच्या हातातलं सूपही दिसलं.

आईला थेट कॉल लावला तर तिच्या घरात अजून चक्रच फिरतं. म्हणून आईला बघावंसं वाटलं की मी पल्लवीला फोन करते. ती म्हणते, थांब, पाहुण्यांच्या चादरी टाकते आणि गच्चीवर जाते.